पाच प्रांत नकोत, दोनच करा. आणि स्टिअरिंग तुम्ही धरा

पत्र :
नमस्कार. मी (वय 56), माझे यजमान, धाकटे दीर आणि जाऊबाई असे आम्ही चौघं गणपती झाले की फ्रान्सला जायचं ठरवतोय. दिरांची पिंपळगावजवळ द्राक्षबाग आहे. त्यांना तिथल्या बागा आणि वायनरी बघायच्या आहेत, म्हणून गाडी भाड्यानं घेऊन गावोगाव फिरायचं ठरलं. ऑक्टोबरच्या छाटणीला दीर घरी हवेत, त्यामुळे हातात 12 रात्रीच आहेत. यजमानांनी पॅरिस, शॅम्पेन, अल्झास, बर्गंडी, प्रोव्हान्स, बोर्दो आणि परत पॅरिस असा फेरा आखलाय. ते म्हणतात, ‘35 वर्षं गाडी चालवतोय, आणि तिकडं दोन पेले घेऊन चालवलं तरी चालतं.’ मला याची धास्ती वाटते. मी वाईन घेत नाही, शुद्ध शाकाहारी आहे. नाशकात माझी ऑटोमॅटिक गाडी मी रोज चालवते, पण तिकडं मी मागच्या सीटवरच असणार. या सहलीत माझ्यासाठी काही आहे का, की नुसती सोबत म्हणून जाऊ?
– एक वाचक, नाशिक

उत्तर :
ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं, आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करते. चौघांमध्ये रोज गाडी चालवणाऱ्या आणि वाईनला हात न लावणाऱ्या तुम्ही एकट्याच आहात. द्राक्षांच्या प्रदेशात गाडीनं फिरायचं असेल तर असा माणूस बरोबर असणं हे मोठं भाग्य. तुम्ही मागच्या सीटवर बसू नका. वायनरीला जायच्या दिवशी स्टिअरिंग तुमच्याच हातात असू द्या. सहलीची बाकी आखणीही मी यावरूनच सुचवणार आहे.

यजमानांचं ‘दोन पेले चालतात’ हे आधी बघू. फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. आपल्याकडं ती 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम, म्हणजे त्याच मापात 0.3 ग्रॅम. तेव्हा आकडा तिकडं सैल आहे, इथवर त्यांचं म्हणणं खरं. पण वाईन चाखायला गेलं की कुणी दोन पेल्यांचा हिशेब ठेवत नाही. शेतकरी एकामागून एक पाच-सहा बाटल्या उघडतो आणि प्रत्येकीतली थोडी-थोडी ओततो. एकेका वेळी 50 मिलिलिटर धरले तरी पाच वाइन्सचे 250 मिलिलिटर झाले. फ्रान्समध्ये 100 मिलिलिटर वाईन म्हणजे एक पेला मोजतात, त्यात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असतं. म्हणजे सकाळच्या एकाच भेटीत अडीच पेले पोटात, आणि दुपारची भेट बाकीच. शरीर हे सावकाश, तासातासानं बाहेर टाकतं. शिवाय रस्ता उलट्या बाजूचा, गाव अनोळखी, मागं घरची माणसं. अशा वेळी 0.5 ला किती कमी पडतात याचा हिशेब करत बसूच नये. चालवणाऱ्यानं शून्य, एवढाच नियम ठेवा.

जाणकार लोक वाईन तोंडात घोळवून थुंकतात. त्यासाठी टेबलावर भांडं ठेवलेलं असतं आणि त्यात कुणालाही अपमान वाटत नाही. पण पहिल्यांदा गेलेल्या माणसाला ते जमत नाही, आणि यजमानांनी इतक्या लांब जाऊन थुंकत बसावं असं मीही म्हणणार नाही. त्यांना मनापासून चाखू द्या. तुमची हरकत चाखण्याला नाही, चाखून चालवण्याला आहे, एवढं त्यांच्यासमोर स्वच्छ बोला. ‘तुम्ही निवांत घ्या, गाडी मी आणते’ असं म्हटलंत तर त्यात वाद घालण्यासारखं फारसं उरत नाही.

मात्र तुम्ही चौघांच्या ड्रायव्हर होऊन बसाल आणि बारा दिवस रस्त्याकडंच बघत राहाल, असंही व्हायला नको. म्हणून मुक्काम अशा गावात घ्यायचा की चाखायच्या अर्ध्या-अधिक जागा पायी गाठता येतील आणि गाडी दिवसाआड तशीच उभी राहील. यजमानांच्या फेऱ्याला माझा विरोध आहे तो याच मुद्द्यावर.

तो फेरा नकाशावर मोजला. दोन हजार किलोमीटरच्या पुढं जातो. नुसतं अल्झासहून बोर्दोला जायचं तर देशाची पूर्व कड सोडून पार पश्चिमेला समुद्राजवळ जायचं. माझ्या पहिल्या सहलीत मी हेच केलं होतं, नऊ दिवसांत सात मुक्काम. आज आठवायला गेले तर टोलनाके आठवतात आणि रोज रात्री उघडलेल्या बॅगा. एका गावात म्हातारे आजोबा ‘बसा, तळघर दाखवतो’ म्हणत होते आणि आम्हाला पुढचं हॉटेल गाठायचं होतं म्हणून निघालो. त्याची चुटपुट अजून आहे.

माझा सल्ला : अल्झास आणि बर्गंडी, बस. पहिल्या दोन रात्री पॅरिस, मग पाच रात्री अल्झास, चार रात्री बर्गंडी आणि विमानाच्या आदल्या रात्री परत पॅरिस. शॅम्पेनची फारच ओढ असेल तर पॅरिसहून रँसला वेगवान रेल्वे पाऊण तासात पोचवते. सकाळी जाऊन तळघरं आणि कॅथीड्रल बघून संध्याकाळी परत येता येतं, गाडी लागतच नाही. बोर्दोची मोठी शातो, म्हणजे बागेसकटचे वायनरीचे वाडे, सुंदर आहेत, पण तिथं बहुतेक ठिकाणी आधी वेळ ठरवून जावं लागतं आणि जागा एकमेकींपासून लांब आहेत. पहिल्या खेपेला, गावं बघायच्या ओढीनं निघालेल्या माणसांना मी बोर्दो सुचवत नाही. प्रोव्हान्स वेगळी सहल म्हणून ठेवा.

पॅरिसमध्ये गाडी घ्यायचीच नाही. भारतातून पोचल्यावर झोप साडेतीन तासांनी सरकलेली असते, आणि त्या अवस्थेत पॅरिसच्या रिंग रोडवर उजव्या बाजूनं चालवायला शिकणं धोक्याचं आहे. पॅरिस पूर्व स्थानकातून वेगवान रेल्वेनं स्ट्रासबर्ग पावणेदोन तासांच्या आसपास, कोलमार सव्वादोन-अडीच तासांवर. गाडी कोलमारला घ्या आणि बर्गंडीच्या शेवटी दिजाँला परत द्या. तिथून पॅरिस रेल्वेनं दीड तासावर आहे. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात दिली की जादा पैसे लावतात, ते आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्या. छोट्या शहरांतली भाड्याच्या गाड्यांची ऑफिसं दुपारी जेवायला बंद होतात आणि रविवारी बऱ्याचदा उघडतच नाहीत, तेव्हा गाडी घेण्याचा आणि देण्याचा दिवस कामाचाच ठेवा.

ऑटोमॅटिक गाडी मागून घ्यावी लागते, आपण काही बोललो नाही तर गिअरची मिळते. लवकर आरक्षित करा. तुम्ही आणि यजमान, दोघांचीही नावं करारात चालक म्हणून हवीत. ज्याचं नाव नाही त्यानं चालवली आणि काही झालं तर विमा हात वर करतो. मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, त्यावर अनामत रक्कम अडकवून ठेवतात. दोघांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. अर्ज सारथी पोर्टलवरून होतो, परवाना वर्षभर चालतो, आणि तिकडं तो आपल्या मूळ लायसन्सबरोबरच दाखवायचा असतो, म्हणून मूळही बरोबर हवं. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शुल्क माणशी 90 युरो, आणि किमान 30,000 युरोचा प्रवास-आरोग्य विमा लागतो. गणपतीच्या गडबडीआधीच हे उरकून टाका.

आता प्रत्यक्ष चालवणं. उजव्या बाजूची सवय एका दिवसात होते, पण सवय मोडते ती बेसावध क्षणी. मी तिसऱ्या दिवशी पहाटे पेट्रोल पंपावरून बाहेर पडले, रस्ता रिकामा होता, आणि हात आपोआप डाव्या बाजूला वळले. समोरून दिवे आले तेव्हा काळजात धस्स झालं. आजूबाजूला गाड्या असल्या की त्यांच्यामागून आपण बरोबर जातो. रिकामा रस्ता, पंप, पार्किंग, घराचं फाटक, इथंच चूक होते. म्हणून शेजारी बसणाऱ्यानं दर वेळी निघताना मोठ्यानं ‘उजवीकडं’ म्हणायचं. हे काम जाऊबाईंना द्या. आणखी एक, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंडिकेटर उजव्या हाताला असतो, तिकडं डाव्या. पहिला दिवसभर वळताना वायपर सुरू होतील, गोंधळू नका. आपण आयुष्यभर गाडीत उजव्या बाजूला बसून चालवलेलं असतं, त्यामुळे डाव्या सीटवरून चालवताना गाडी नकळत उजव्या कडेला सरकते. शेजारचा माणूस ‘कठडा जवळ आला’ म्हणाला तर राग मानू नका, तो खरंच जवळ आलेला असतो.

वेग : महामार्गावर 130, पाऊस असेल तर 110. गावांमधल्या साध्या दुपदरी रस्त्यावर बहुतेक जिल्ह्यांत 80. गावाच्या नावाची लाल किनारीची पांढरी पाटी आली की त्या क्षणापासून 50, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. त्याच नावावर तिरकी लाल रेघ मारलेली पाटी म्हणजे गाव संपलं. कॅमेरे पुष्कळ आहेत, आणि दंड गाडीच्या कंपनीकडून फिरून महिन्यांनी तुमच्या कार्डावर येतो, वर कंपनीचं शुल्क वेगळं.

सगळ्यात अनोळखी नियम म्हणजे उजवीकडून येणाऱ्याचा पहिला हक्क. गावातल्या चौकात कसलीच पाटी नसेल तर उजव्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आपण थांबून वाट द्यायची, आपला रस्ता कितीही मोठा असो. टोकावर उभ्या पिवळ्या चौकोनाची पाटी दिसली की हक्क आपला, आणि तीच पाटी काळ्या रेघेनं खोडलेली दिसली की तो संपला. गोल चौकात शिरताना डावीकडं बघायचं, आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. टोलनाक्यावर नारिंगी ‘टी’ अक्षराची लेन टाळा, ती टॅग असलेल्यांसाठी असते. कार्डाचं चित्र किंवा हिरवा बाण बघून शिरा. अल्झासमधला कोलमार-स्ट्रासबर्ग महामार्ग बिनटोलचा आहे. पंपावर ‘गाझोल’ म्हणजे डिझेल. गॅस असेल किंवा पेट्रोल असेल असं वाटून घोटाळा होतो, तेव्हा टाकीच्या झाकणावर लिहिलेलं आधी वाचा.

एवढी उजळणी पुरे. आता खरी गंमत, आणि ती तुमच्या दिरांना सर्वांत आधी वाचून दाखवा.

अल्झास म्हणजे व्होझ डोंगररांगेच्या पूर्वेची चिंचोळी पट्टी. पाऊस पश्चिमेकडून येतो, डोंगर तो अडवतात, आणि पलीकडचं कोलमार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांत मोजलं जातं. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत शेती करणाऱ्या घराला हे वेगळं समजावून सांगायला नको. कमी पाऊस, ऊन, डोंगराच्या पायथ्याचा उतार, म्हणून द्राक्ष. मार्लेनहाइमपासून थानपर्यंत या पायथ्यानं जाणारा सुमारे 170 किलोमीटरचा वाईन मार्ग 1953 मध्ये सुरू झाला. सगळा पुरा करायचा नाही. मधला, रिबोविलेपासून एगिसहाइमपर्यंतचा तुकडा सर्वांत दाट आहे, आणि पाच दिवसांना तेवढा पुरतो.

मुक्काम मी रिबोविलेत सुचवेन. वर डोंगरावर तीन पडके किल्ले, खाली लाकडी चौकटींची रंगीत घरं. तिथून बागांमधल्या वाटेनं हुनाविर आणि पुढं रिकविर, सगळं मिळून पाचेक किलोमीटर. ही पायपीट तुमच्या सहलीचा सर्वांत चांगला दिवस ठरेल. हुनाविरचं चर्च तटबंदीच्या आत आहे, आणि कॅथलिक व प्रोटेस्टंट दोन्ही पंथांचे लोक तिथंच प्रार्थना करतात. या भागातले करकोचे 1970 च्या दशकात जवळजवळ नाहीसे झाले होते, त्यांना परत आणण्याचं काम हुनाविरमध्ये झालं, आज छपरांवर त्यांची मोठाली घरटी दिसतात. रिकविरला दहानंतर बसगाड्या भरून माणसं येतात. पायी सकाळी लवकर निघालात तर त्यांच्या आधी पोचाल. तोडणीच्या दिवसांत काही पायवाटा बंद ठेवतात, वाटेच्या तोंडाशी पाटी लावलेली असते, ती पाळा. आणि घड कितीही मोहक दिसला तरी तोडू नका. आपल्या बागेत कुणी येऊन घड तोडला तर दिरांना काय वाटेल, तेच.

रिबोविलेत 1895 पासून शेतकऱ्यांची सहकारी वायनरी आहे, फ्रान्समधल्या सर्वांत जुन्यांपैकी. साखर कारखान्यांमुळे सहकार आपल्या रक्तात आहे, त्यामुळे शेतकऱ्यांनी द्राक्ष एकत्र आणून स्वतःची बाटली कशी उभी केली हे दिरांनी विचारून घ्यावं. सप्टेंबरअखेर अल्झासमध्ये तोडणी चालू असते. रस्त्यात द्राक्षांनी भरलेल्या ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर भेटतील, मागं शांतपणे चाला. या दिवसांत छोट्या शेतकऱ्याला पाहुण्यांसाठी वेळ नसतो, म्हणून आदल्या दिवशी फोन किंवा मेल करून वेळ मागा. घरमालकीण हे काम आनंदानं करून देते. मोठ्या आणि सहकारी वायनरीत सहसा असं विचारून जावं लागत नाही.

दारात शिरताना पहिला शब्द ‘बोंजूर’. तो न म्हणता थेट प्रश्न विचारला तर समोरचा माणूस मिटतो, म्हटला तर फुलतो. हा बदल मी इतक्या वेळा पाहिलाय की शंभर सल्ल्यांत हा एकच पाळा म्हणेन. फुकट चाखायला दिलं तर निदान एक बाटली विकत घ्यावी, हा तिथला शिष्टाचार आहे.

अल्झासच्या बाटलीवर द्राक्षाच्या जातीचं नाव असतं : रीसलिंग, गेवुर्झट्रामिनर, पिनो ग्री, मुस्का. त्यामुळे नवख्यांना हा प्रांत सोपा. गेवुर्झट्रामिनरला गुलाबाचा आणि लिचीचा वास येतो. ताई, तुम्ही पिऊ नका, पण प्रत्येक पेला हातात घेऊन वास जरूर घ्या. स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या बाईचं नाक फार तयार असतं, आणि तुम्ही ओळखलेला वास बाकी तिघांना सुटलेला असेल. पुष्कळ शेतकरी त्याच बागेच्या द्राक्षांचा साधा रसही विकतात, ‘झ्यू द रेझॅं’ म्हणून मागा.

कोलमारला अर्धा दिवस द्या तो उंटरलिंडन संग्रहालयासाठी. तिथलं इसेनहाइमचं वेदीचित्र 1512 ते 1516 च्या सुमाराचं, ग्रुनेवाल्ड या चित्रकाराचं. ज्या मठासाठी ते काढलं तिथं कातडी जळल्यासारखी वाटणाऱ्या भयंकर रोगाच्या माणसांची शुश्रूषा होत असे, आणि चित्रातल्या येशूच्या अंगावरही तशाच जखमा आहेत. रुग्णांनी बघावं म्हणून. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते. केझर्सबर्ग हे नोबेल शांतता पुरस्कार मिळालेले डॉक्टर आल्बर्ट श्वाइट्झर यांचं जन्मगाव, गावाबाहेर गाडी लावून पायी फिरायचं. एगिसहाइमच्या गल्ल्या गोल-गोल फिरतात, फिरून फिरून तिथंच येता. सगळी गावं एका दिवसात उरकू नका, दुपारनंतर ती एकसारखी दिसायला लागतात.

आठव्या दिवशी बर्गंडी. कोलमार ते बर्गंडीतलं बोन सुमारे 235 किलोमीटर, महामार्गानं अडीच तास. पण सकाळी लवकर निघून बेलफोर्टजवळ थोडी वाकडी वाट करा आणि राँशाँच्या टेकडीवरचं छोटं चर्च बघा. ते ल कोर्बुझिए यांचं, 1955 चं. ज्यांनी चंदीगड उभं केलं तेच. 2016 मध्ये युनेस्कोनं हे चर्च आणि चंदीगडचा कॅपिटॉल परिसर एकाच यादीत, एकाच वेळी जागतिक वारसा म्हणून घेतले. आत भिंतीतल्या लहान-मोठ्या खिडक्यांतून रंगीत उजेड येतो, तिथं नुसतं बसायचं.

बर्गंडीत बाटलीवर जात सापडणार नाही, गावाचं किंवा वावराचं नाव असेल. लाल असेल तर जवळपास नेहमी पिनो न्वार, पांढरी असेल तर शार्दोने. सगळा फरक जमिनीचा. देवगडचा हापूस आणि दुसरीकडचा हापूस यांत आपण जो फरक करतो, तो हे लोक बांधाच्या अलीकडं-पलीकडं करतात. अशा नावं असलेल्या वावरांना तिथं ‘क्लिमा’ म्हणतात. ती 1,247 आहेत आणि 2015 पासून जागतिक वारसा आहेत. टेकडीच्या मधल्या उताराची जमीन सर्वांत मानाची, पायथ्याची साधी. दिरांना घेऊन व्होन-रोमाने गावाच्या बांधावर उभ्या राहा आणि त्यांना माती, उतार, निचरा बघू द्या. ते तुम्हाला असं काही सांगतील जे गाईडला सांगता येणार नाही.

त्यांना आणखी काय दिसेल : आपल्याकडचा मांडव नाही, ‘वाय’ अक्षराच्या आकाराचा सांगाडा नाही, कमरेएवढ्या बुटक्या वेली, मीटर-मीटरवर लावलेल्या, हेक्टरी दहा हजारांच्या घरात. ठिबकची नळी शोधून सापडायची नाही. नाशकात वर्षात दोन छाटण्या, एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी बहार. तिथं हिवाळ्यात वेल झोपते आणि छाटणी एकदाच होते. मग एप्रिलमध्ये कोवळ्या फुटीवर दव गोठतं तेव्हा शेतकरी रात्रभर बागेत मेणाच्या मोठ्या बुधल्या पेटवतात. 2021 च्या एप्रिलमध्ये फ्रान्सभर अशा रात्री गेल्या. निफाडचा पारा उतरला की आपले लोक शेकोट्या पेटवतात, तेच दुःख.

व्हूजोला जरूर जा. सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी मध्ययुगात भिंत घालून राखलेली ही बाग सुमारे 50 हेक्टरची, आणि आज तिचे मालक जवळपास 80. क्रांतीनंतर जमिनी विकल्या गेल्या, वारसांत समान वाटण्या झाल्या, आणि कुणाकडं उरल्या नुसत्या वेलींच्या काही ओळी. वाटणीत एकरांचे गुंठे होताना पाहिलेल्या माणसाला तिथं फार जवळचं काही दिसतं.

बोनमध्ये राहा, गावाच्या आत, म्हणजे तळघरं पायी फिरता येतील. बोनच्या दक्षिणेला पोमार, व्होल्ने, मर्सोवरून साँतनेपर्यंत बागांतून सायकलचा मार्ग जातो, तोही एक दिवस करा. सायकलवरही दारूचा कायदा लागू आहे, तेव्हा चाखणं मुक्कामी परतल्यावर. उत्तरेकडं, जेव्रे-शाँबेर्तॅंपर्यंतच्या गावांना गाडी न्या, तो दिवस तुमच्या स्टिअरिंगचा.

आणि बोनचं ओतेल-द्यू खास तुमच्यासाठी. बर्गंडीच्या ड्यूकचे चान्सलर निकोला रोलॅं आणि त्यांच्या पत्नी गिगोन द सालॅं यांनी 1443 मध्ये गोरगरिबांसाठी स्थापन केलेलं रुग्णालय, वर रंगीत कौलांचं नक्षीदार छप्पर, आत लाल पडद्यांच्या खाटांच्या रांगा. आपल्याकडं देवळाला इनाम जमीन देत, तशा लोकांनी या रुग्णालयाला शतकानुशतकं द्राक्षबागा दान केल्या. त्या बागांच्या वाईनचा लिलाव 1859 पासून दर नोव्हेंबरात होतो आणि पैसा आजही रुग्णसेवेला जातो. वाईन न पिणाऱ्या माणसालाही द्राक्षाचा अभिमान वाटावा अशी ही जागा आहे.

जेवणाचं मात्र नीट ठरवून घ्या. गावांत जेवण 12 ते 2 मध्येच मिळतं, अडीचला गेलात तर स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. रविवार संध्याकाळ आणि सोमवार, पुष्कळ ठिकाणी कुलूप. ‘शाकाहारी’ म्हटलं तरी सॅलडवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येतात, त्यांना लार्दों म्हणतात. म्हणून ‘साँ लार्दों’ हे दोन शब्द पाठ करा. अल्झासची पातळ, कुरकुरीत फ्लामकुश साँ लार्दों मागितली की कांदा आणि मलईची मिळते, तुम्हाला आवडेल. कांद्याच्या सूपमध्ये बहुधा मांसाचा रस्सा असतो, किश या अंड्या-मलईच्या खारट पायमध्येही तुकडे असू शकतात, विचारून घ्या. बर्गंडीत चीजचे फुगलेले गोळे मिळतात, गुझेर, पण त्यांत अंडं असतं, तेव्हा अंडं चालत असेल तरच घ्या. शिवाय पुष्कळ चीजमध्ये दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, तुमचा कटाक्ष असेल तर हे आधीच ठाऊक असावं.

खरा उपाय म्हणजे स्वयंपाकघर असलेलं घर घेणं. ग्रामीण भागातल्या अशा घरांना ‘झीत’ म्हणतात, आणि काही द्राक्ष उत्पादक स्वतःच ती चालवतात. शनिवारी बोनचा बाजार भरतो, भाजी, फळं, पाव ताजा मिळतो. रोज एक वेळ वरण-भात घरी झाला तर तुमचा जीव शांत राहील आणि बाकीच्यांचाही. डाळ, मेतकूट, चिवडा न्या. तूप, पेढे, बर्फी नेऊ नका, बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला युरोपात मनाई आहे.

बॅगा माणशी एक, मध्यम. चार मोठ्या बॅगा आणि चार माणसं साध्या गाडीत मावत नाहीत, आणि येताना बाटल्याही असणार. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत मद्य करमुक्त आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या. चौघांच्या मिळून आठ. त्या चेक-इन सामानातच, कपड्यांच्या घडीत गुंडाळून. तुमच्या वाटच्या दोन बाटल्या कुठल्या घ्यायच्या ते तुम्ही ठरवा, वासावरून.

दिरांना एक निरोप द्या. निघण्याआधी मोबाइलमध्ये आपल्या बागेचे फोटो घ्यायला सांगा : खरड छाटणीनंतरची उघडी बाग, मांडव, ठिबक, फेब्रुवारीतला भरलेला घड, शेकोटीची रात्र. भाषा नसली तरी तळघरात उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्यासमोर मोबाइल धरला की तो बायकोला हाक मारून बोलावतो, मग मुलाला, आणि मग स्वतःचे फोटो काढून दाखवायला लागतो. तेव्हा घाईनं निघू नका. गाडी तुमच्या हातात आहे, आणि पुढचं गाव पाच किलोमीटरवर आहे.